डावा हात कुणाचा

हिंगोली
२ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रेमदास,

तुझा पेन ड्राइव्ह पोचला. रत्नपालनं जीप थांबवून तो दुकानात अब्बांच्या हातात दिला, अब्बांनी शिलाई मशीनच्या खणात टाकला आणि विसरले. मला परवा सापडला. एवढ्या मोठ्या फायली पाठवायला तुमच्या तांड्यावर नेट चालत नाही आणि फोनवर गाण्याचं बोललं की आपलं भांडण होतं, म्हणून हा कागदाचा उद्योग. बरा आहे. लिहिताना माणूस दोनदा विचार करतो.

पहिलं गाणं मिक्सला घेतलं. तुझी गिटार एकटी लावली की अंगावर येते, त्यात वाद नाही. पण माझा बेस आणि कॉम्प्युटरवरचे ड्रम्स सुरू झाले की ती कुठं जाते कळत नाही. तू अ‍ॅम्पवर आवाज फाडणारं गेनचं बटण पार शेवटपर्यंत फिरवतोस आणि मधले स्वर काढून टाकतोस. हळदीची पोती ठेवायच्या तुझ्या खोलीत एकट्याला ते भारी वाटत असेल, सगळ्यांत मिसळल्यावर मात्र नुसता भुस्सा उरतो. म्हणून मी खालचा घुमारा कापला, ती जागा बेसची आहे. मधले स्वर वर आणले. तू दोनदा वाजवलेलं होतं, त्यातलं एक डाव्या स्पीकरला आणि एक उजव्याला दिलं. पुढच्या वेळी गेन निम्म्यावर ठेव. जाडपणा गेनमधून येत नाही, तेच तेच दोनदा नेमकं वाजवण्यातून येतो.

आता खरी बातमी. नांदेडला दरवर्षी नव्या बँडांचा कार्यक्रम ठेवणारे ओमप्रकाश आहेत ना, त्यांनी आपल्याला जानेवारीची शेवटची तारीख दिली. चार गाणी हवीत, रेकॉर्डिंग आधी ऐकायला पाठवायचं. आपला दुसरा गिटारवाला देविदास आपल्यातून फुटला आणि आपलं गाणं स्वतःच्या नावानं इंटरनेटवर टाकून बसला, त्यानंतर पहिल्यांदा कुणी बोलावतंय. या वेळी गाणी बाहेर जाऊ देऊ नको. शेजारच्या लेकराला पण ऐकवू नको.

तुझा,
अबूबकर


साखरा तांडा
१९ सप्टेंबर २०२४

अबू,

मिक्स ऐकलं. परत परत ऐकलं. ही माझी गिटार व्हय का? डब्यात डास कोंडल्यावानी वाटून राहिली. खालचा सगळा जोर तू काढून घेतला आणि वरून सांगतो, ती बेसची जागा. बेस कोण वाजवते? तू. मग जागा कुणाला मिळाली?

शिलाला ऐकवलं. घाबरू नको, बहीण आहे माझी, ती कुणाला सांगत न्हाई. सेनगावच्या कॉलेजातून आली की ती खोलीत येऊन बसते, पोत्याला टेकून. ती म्हणली, "भिया, आता निदान कळतं तरी तू काय वाजवतो ते." म्हणजे तिलाही तुझंच पटलं. असो.

नांदेडचं ऐकून बरं वाटलं. याडीला सांगितलं तर आईचंच मन ते, तिनं विचारलं, तिथं जेवायला देतात का.

एक विचारायचं होतं. रत्नपाल म्हणत होता की तुमच्या दारापुढं देविदासची गाडी उभी दिसली. लाल टाकीची. मी त्याला म्हणलं, दुसऱ्याची असेल. व्हय ना दुसऱ्याची? विचारून ठेवतो, बाकी काही न्हाई. पण माझी गिटार बारीक केली की तिथं आणखी एका गिटारीला जागा होते, हे मला मिक्स न शिकताही कळते.

सोयाबीन वाळायला लागलं. काढणी, मळणी झाली की बाकीची गाणी घेतो. गेन निम्म्यावर ठेवून पाहीन. वचन देत न्हाई.

प्रेमदास


हिंगोली
१ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रेमदास,

गाडी कुणाची ते मला माहीत नाही. अब्बांच्या दुकानात कपडे शिवायला सगळा गाव येतो, लाल टाकीच्या गाड्या काय कमी आहेत? रत्नपालला जीप चालवायला सांग, पहारा द्यायला नको.

माझ्यावर यकीन ठेव. गिटार एकटी ऐकणं बंद कर. एकट्यानं ऐकलं की प्रत्येकाला आपलाच आवाज कमी वाटतो. तू खोलीत माइक लावून घेतलेला आवाज मला आवडतो, त्या पोत्यांमुळं खोली छान दबलेली आहे. तो माइक आणि तो अ‍ॅम्प हलवू नको, मागच्या वेळी होते तिथंच ठेव. आणि दिवाळीला घरी ये. अम्मी विचारत होती.

अबूबकर


साखरा तांडा
११ नोव्हेंबर २०२४

अबू,

दोन गाणी पाठवली आहेत. माइक लावला न्हाई, गिटारीची वायर थेट कॉम्प्युटरला जोडून घेतली. अ‍ॅम्पचा आवाज तू तुझ्याकडं दे. माइक खराब झाला.

दिवाळीला येणं झालं न्हाई. कामं होती. फोन करू नको, फोनची बॅटरी धरत न्हाई.

सोयाबीन घरात आलं. बाकी ठीक.

प्रेमदास


हिंगोली
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेमदास,

एवढंसं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. मागच्या पत्रात माझ्याशी दोन पानं भांडलास, या वेळी गेनचं नाव नाही, डासाचं नाव नाही. मग मी गाणी ऐकली आणि जास्तच गोंधळात पडलो.

खरं सांग, हे कुणी वाजवलं?

तुझा उजवा हात मी झोपेत ओळखीन. तळहाताची कड तारेवर ठेवून तू जे ठोके मारतोस, प्रत्येक चौथा ठोका जरा रागानं पडतो. तो तसाच आहे, तिथं शंका नाही. पण डावा हात तुझा नाही. सूर बदलायची जागा आली की उजवा हात पोचलेला असतो आणि डावा मागून येतो, चोरट्यासारखा. तारा इतक्या जोरानं दाबल्यात की सूर वर सरकलाय. तार ओढून सूर थरथरवायची तुझी सवय, ती पूर्ण गाण्यात एकदाही नाही. आणि ट्यूनिंग काहून बदललं? सगळ्यांत जाड तार एक सूर खाली उतरवून लावलीस. तशी लावली की तीन तारांवर एकच बोट आडवं ठेवून काम भागतं, शिकाऊ पोरं तसं करतात. तुला त्याची गरज कधीपासून पडली?

पहिल्यांदा वाटलं, तू दोन जणांचं वाजवणं कापून जोडलंस. पण जोड कुठं सापडत नाही. मोठं करून पाहिलं, एकेक ठोका तपासला. एकाच वेळी एकाच गिटारीवर वाजलंय. हे कसं होतं ते मला समजत नाही, आणि समजत नाही म्हणून झोप लागत नाही.

रत्नपालला विचारलं की प्रेमदास बरा आहे ना. तो आरशात बघत म्हणाला, मला काही माहीत नाही. साखऱ्याला रोज जाणाऱ्या माणसाला काही माहीत नाही?

माइक खराब झाला असेल तर माझा घेऊन जा. पण चौथं गाणं माइकनंच पाठव.

अबूबकर


साखरा तांडा
२७ नोव्हेंबर २०२४

अबू,

तू मिक्स करतो का पोलिसात लागला?

ट्यूनिंग बदललं कारण मला जाड आवाज पाहिजे होता. तू खालचे स्वर कापतो म्हणून मी तार खाली उतरवली. तार ओढली न्हाई कारण गाण्याला नको होती. हात मागं पडत असेल तर मळणीच्या दिवसांत सराव झाला न्हाई म्हणून. शेतात काम करणाऱ्याचा हात शहरातल्या पोरासारखा मऊ राहत न्हाई, हे तुला दुकानात बसून काय कळणार.

माइकनं घेत न्हाई कारण याडीला मोठ्या आवाजाची तकलीफ होते. तरी तुझ्या समाधानासाठी चौथं गाणं माइकनं घेतलं. आता तरी गप्प बस.

माझा पण एक सवाल आहे. तुला एवढं काहून तपासायचं आहे? मी वाजवायच्या लायक राहिलो न्हाई असं ओमप्रकाशला सांगायचं आहे का? तसं असेल तर सरळ लिही. आडून आडून हात मागं पडला, सूर वर गेला, असं करू नको. लाल टाकीचं तू मला नीट उत्तर दिलं न्हाई, ते मी विसरलो न्हाई.

प्रेमदास


हिंगोली
६ डिसेंबर २०२४

प्रेमदास,

मागच्या पत्रात माइक खराब होता. या पत्रात माइक ठीक आहे आणि याडीला तकलीफ आहे. निदान दोन्ही पत्रांत एकच कारण दे.

चौथं गाणं लावलं. खोली भरलेली आहे हे लगेच कळलं, सोयाबीनची पोती थेट छतापर्यंत असणार, आवाज भिंतीला लागतच नाही. गाण्याच्या मधोमध तू एक अचानक थांबा ठेवलास, सगळं बंद होतं आणि परत एकदम सुरू होतं. तू तिथला आवाज कापून टाकला असशील म्हणून मी बघितलं. कापला होतास. पण दोन वेळा वाजवलंस ना, त्यातल्या दुसऱ्यात कापायचा विसरलास.

ती शांत जागा मी उचलून मोठी केली. तुझा आवाज आहे. तू हळूच म्हणतोस, "पाच." आणि लगेच कुणीतरी नाक ओढतं. ते नाक तुझं नाही.

पाच म्हणजे गिटारीच्या मानेवरचा पाचवा पडदा, तिथं पुढचा सूर आहे. स्वतःशी कुणी असं बोलत नाही. तू कुणाला तरी शेजारी बसवून आपली गाणी शिकवतोयस. जी गाणी शेजारच्या लेकराला ऐकवू नको म्हणालो होतो, ती तू पडदा सांगून सांगून शिकवतोयस. कुणाला, ते मला माहीत आहे असं मला वाटतं. माझं चुकत असेल तर मला खरं नाव लिहून पाठव.

तोपर्यंत मी मिक्स बंद ठेवलंय.

अबूबकर


साखरा तांडा
१२ डिसेंबर २०२४

अबूबकर,

नाव सांगणार न्हाई. सांगायचं काही बंधन माझ्यावर न्हाई.

पेन ड्राइव्ह परत पाठव, गाणी तुझ्या कॉम्प्युटरवरून काढून टाक. तुला ज्याच्यासोबत नांदेडला जायचं त्याच्यासोबत जा. दार उघडंच ठेवलं असशील त्याच्यासाठी.

प्रेमदास राठोड


हिंगोली
२३ डिसेंबर २०२४

प्रेमदास,

शनिवारी मी साखऱ्याला आलो होतो. तुला कळवलं नाही. पेन ड्राइव्ह परत द्यायचा हे निमित्त होतं. मला तुला देविदाससोबत पकडायचं होतं.

हे असं काहून वाटलं ते आधी सांगतो. ती लाल टाकीची गाडी त्याचीच होती. सप्टेंबरात तो घरी आला, परत सोबत घ्या म्हणाला. मी नाही म्हणालो. जाताना तो म्हणाला, "मग मी प्रेमदासला विचारतो." तुला सांगितलं असतं तर तू दगड घेऊन त्याच्या घरी गेला असतास, म्हणून मी खोटं लिहिलं. आणि नोव्हेंबरात तुझ्या गिटारीवर दुसऱ्याचा हात ऐकू आला तेव्हा मला वाटलं, त्यानं तुला विचारलं आणि तू हो म्हणालास. डावा हात शिकाऊ आहे, देविदासचा नाही, हे रागात माझ्या ध्यानातच आलं नाही. मीच पेरलेलं खोटं मलाच खात बसलं.

सेनगावला एसटीतून उतरलो, रत्नपालची जीप मुद्दाम सोडली आणि दुसरी धरली. साखऱ्यावरून तांड्यापर्यंत तुरीतून चालत आलो. दुपार होती. तुझी याडी अंगणात बसली होती, तिनं मला ओळखलं. मी काही विचारायच्या आत तिनं खोलीकडं बोट दाखवलं आणि डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, घरात काही भांडण झालं असेल.

गिटार वाजत होती. मी दाराकडं न जाता खिडकीकडं गेलो. चोरासारखा, मान्य आहे.

तू पोत्यावर बसला होतास, गिटार मांडीवर. उजव्या हातानं वाजवत होतास. डावा हात मांडीवर पालथा पडलेला होता, मनगटापासून वर शिवण दिसत होती आणि बोटं अशी अर्धवट मिटलेली, उघडतही नव्हती आणि वळतही नव्हती. तुझ्या डाव्या बाजूला शिला, अगदी खेटून. गिटारीची मान तिच्यासमोर होती आणि तिचा हात त्या मानेवर. तू म्हणत होतास, "तीन. पाच. परत तीन. आता शून्य." आणि ती बोट सरकवत होती, शून्याला उचलत होती. एकदा तिचं चुकलं, तू थांबलास. ती बोटांच्या टोकांवर फुंकर घालत होती. तू म्हणालास, "राहू दे आज." ती म्हणाली, "न्हाई भिया, पुन्हा एकदा."

मी दार वाजवायला हात उचलला होता. वाजवला नाही. कोणत्या तोंडानं आत आलो असतो? तुझ्या डाव्या हाताला मी चोरटा म्हणालो होतो. पेन ड्राइव्ह तसाच खिशात घेऊन परत फिरलो. जीपच्या थांब्यावर रत्नपाल भेटलाच. मी म्हणालो, मी पाहिलंय, आता तरी बोल. मग त्यानं मळणी यंत्राच्या पट्ट्याचं सांगितलं, नांदेडच्या दवाखान्याचं सांगितलं, आणि तू त्याला घातलेली शपथ पण सांगितली.

प्रेमदास, तू मला एक फोन करायचा होतास. मी दवाखान्यात आलो असतो. मला राग आला आहे तुझा, तो या पत्रात मावत नाही, भेटल्यावर काढीन.

उरलेल्या तिन्ही गाण्यांचं मिक्स मी परवापासून परत सुरू केलंय. ओमप्रकाशना फोन करून सांगितलं की आम्ही दोघं नाही, तिघं येणार, आणि मंचावर खुर्च्या नकोत, एक बाकडं ठेवा. ते म्हणाले, बाकडं काहून? मी म्हणालो, आल्यावर बघा.

तुझाच,
अबूबकर


साखरा तांडा
३० डिसेंबर २०२४

अबूबकरभाई यांना सलाम.

मी शिला. भिया तुमचं पत्र वाचून दिवसभर तुरीत जाऊन बसला. उत्तर लिहितो म्हणतो आणि लिहीत न्हाई, म्हणून मी लिहून राहिले.

तुमी आला होतात ते याडीनं त्याच संध्याकाळी सांगितलं. भियानं गिटार खाली ठेवली. तो म्हणला, "संपलं. आता अबू देविदासला घेणार." हे तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. दवाखान्यात हाताला पट्टी बांधलेली, पूर्ण शुद्धीवर पण न्हाई, आणि मला म्हणतो, अबूला सांगू नको. मी म्हणलं, काहून? म्हणे, गिटारवाल्याचा हात गेला की बँडला दुसरा गिटारवाला लागतो, त्यात अबूची काय चूक, पण मला ते बघवणार न्हाई.

मळणीच्या दिवशी मी तिथंच होते. पट्टा घसरला म्हणून तो बसवायला गेला, यंत्र कुणीतरी बंद केलं असं त्याला वाटलं. बंद केलं नव्हतं. एवढंच झालं. ज्यानं बंद केलं नव्हतं तो आमच्याच घरचा आहे, तो अजून जेवत न्हाई नीट, म्हणून नाव लिहीत न्हाई.

घरी आल्यावर भियानं गिटार पोत्यामागं टाकली. दिवाळी तोंडावर आली तरी ती तिथंच. मग एक दिवस मी ती काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं उजव्या हातानं नुसतीच तार मारली. डाव्या हाताशिवाय कसा आवाज येतो, नुसता भकास. मी सहज एक बोट ठेवलं. आवाज बदलला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणला, "जरा वर ठेव." असं ते सुरू झालं. मी वाजवायला शिकले न्हाई, मला नुसती बोटं ठेवता येतात. माझी बोटं मागून येतात कारण मला आधी ऐकावं लागतं आणि मग ठेवावं लागतं. तुमी लिहिलं ना, चोरट्यासारखा. ते पत्र भियानं मला दाखवलं न्हाई, त्यानं लपवलं होतं, मी काढून वाचलं. रडले न्हाई. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला न जाता तेवढ्या जागा घोकल्या.

आता मुद्द्याचं. तुमी ओमप्रकाशना सांगून टाकलं की तिघं येणार. बाकडं पण ठरवलं. भियाच्या मनाचा विचार केला, चांगलं केलं. मला विचारलं का? भियानं पण विचारलं न्हाई. तुमी दोघं चार महिने एकमेकांवर संशय घेऊन राहिले आणि त्यात जो हात होता तो कुणाचा आहे, त्याला काय पाहिजे, हे कुणाच्या मनात आलं न्हाई.

मी येते. पण माझ्या काही अटी आहेत. कार्यक्रमाच्या कागदावर माझं नाव पाहिजे, शिला राठोड, गिटार. "प्रेमदासची बहीण" असं न्हाई. सराव करायला तुमी इथं या, माझं कॉलेज आहे. आणि याल तेव्हा दारातून या. याडीनं तुमच्यासाठी चहा ठेवला होता त्या दिवशी, तो भियाला प्यावा लागला.

नाक ओढते ती मीच. सोयाबीनच्या धुळीचं मला सोसत न्हाई.

शिला


साखरा तांडा
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अबू,

नांदेडहून तू रेल्वेनं हिंगोलीला उतरला आणि आमी रात्रभर पाहुण्यांकडं राहिलो, त्यामुळं नीट बोलणं झालं न्हाई. सरावाच्या दिवसांत पण आपण नुसतं गाण्याचं बोललो. म्हणून लिहून राहिलो. हे फोनवर सांगता आलं नसतं.

तुला सगळ्यात आधी सांगायचं ते असं की मी तुझ्यावर विश्वास ठेवला न्हाई. तू खोटं लिहिलं ते लहान होतं. माझं मोठं होतं. हात गेला तेव्हा मला हाताचं जेवढं दुःख झालं न्हाई तेवढी तुझी भीती वाटली. तू आपला राग पहिल्याच सरावाला काढला, याडीसमोर, ते बरं झालं. त्यानंतर मला जेवण गेलं.

मंचावर आमी एका बाकड्यावर, एका गिटारीला दोघं बसलो तेव्हा पुढची पोरं हसली, तू पाहिलं असशील. शिलानं गिटारीच्या मानेवर बोटं ठेवली. ती मला हळूच म्हणली, "भिया, मोठ्यानं आकडे सांगू नको, माइकमध्ये जातील." मी म्हणलं, मग कसं करायचं? ती म्हणली, "मला येतात आता." पहिल्या गाण्याला मी तरी ओठ हलवत होतो. दुसऱ्याला विसरलो. पोरं हसायची थांबली होती, ते मला नंतर लक्षात आलं.

देविदास मागच्या भिंतीला उभा होता. तू त्याला पाहिलं का न्हाई, माहीत न्हाई. बाहेर आल्यावर तो समोर आला, त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. मी त्याला चहा घेणार का विचारलं. तो न्हाई म्हणला आणि गेला. एवढ्यावरच राहिलं ते.

पण मला चौथ्या गाण्याचं सांगायचं आहे. शेवटी जिथं आपण सूर धरून ठेवतो आणि ड्रम्स थांबतात, तिथं तिनं तार ओढली. ती मी तिला कधी शिकवली न्हाई. सरावात कधी ओढली न्हाई तिनं. सूर हलत हलत वर गेला, मला वाटलं आता सुटणार, आता फसणार. मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती, गिटारीकडं पाहून राहिली होती. माझा उजवा हात थांबणारच होता, पण मी थांबलो न्हाई. ती जिथपर्यंत गेली तिथपर्यंत मारत राहिलो. तू पण बेस वाढवून तिच्यामागं आला, ते मला ऐकू आलं.

डॉक्टरनं परवा हात पाहिला. अंगठा आणि पहिलं बोट थोडं सुधारेल, बाकीच्यांची आशा ठेवू नका म्हणले. मी विचारलं पण न्हाई की वाजवता येईल का. मला माहीत होतं.

काल हळदीच्या खोलीत शिला तारा पुसत होती. तिची बोटं पाहिली. टोकाला चांगले कडक घट्टे पडलेत. माझ्या डाव्या हाताचे मऊ पडून राहिलेत, एवढ्या वर्षांचे. मी तिला ते दाखवलं. वाईट वाटलं होतं, ते पण सांगितलं. तिनं फडकं बाजूला ठेवलं. मग गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली, नीट बसली आणि म्हणली, "भिया, मला आता उजवा हात शिकव."

अबू, मी सरकून तिच्या उजव्या बाजूला बसलो. मग मी तिच्या मनगटाला धरलं, तळहाताची कड तारेवर कशी ठेवायची ते दाखवलं, आणि म्हणलं, चौथा ठोका जरा रागानं मार.

प्रेमदास